प्रश्न चौदावा

परळच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर
एमआरआयच्या दारासमोर माझं टेबल.
एका पायाखाली केसपेपरची घडी, तरी डुगडुगतं.
मी फक्त विचारायचं.
उत्तर सुचवायचं नाही, भुवई उचलायची नाही,
'अरेरे' तर नाहीच नाही.

पहिला मोबाइल कोणत्या साली?
दिवसाला किती मिनिटं? दहा वर्षांपूर्वी किती?
आणि चौदावा : कोणत्या कानाला?
डावा एक, उजवा दोन, दोन्ही तीन.
आठवत नाही, नव्व्याण्णव.

आज हरेश्वर वैती, वय एक्कावन्न, वेसावा.
बँडेजवर जावयाची क्रिकेटची टोपी.
बर्फाचा धंदा. पहाटे तीनपासून बोटवाल्यांशी बोलणं,
किती लाद्या, कुठल्या धक्क्यावर, मागचे पैसे कधी.
"डावा," ते म्हणाले. "उजव्या हातात पेन्सिल असायची."

गाठ उजवीकडे आहे.
हे मला कळायला नको होतं,
पण स्कॅनची पिशवी पारदर्शक असते.

"उजवाच लिवा, ताई," कुंदाबाई म्हणाल्या.
"मी रोज वरडायची, ठेव तो फोन, कान तापला तुझा.
मग उजव्यात किणकिण सुरू झाली,
तवापासून डाव्याला धरतो हा."
"काहीतरीच. पेन्सिल होती."
"पेन्सिल आधीपासून होती, किणकिण मागनं आली."
"तुला काय ठाऊक? तू झोपलेली असायचीस."
"झोपले असते तर आज आठवलं असतं का?"

दोघं भांडत राहिले, एकमेकांचा हात धरून,
आणि माझं पेन चौकटीवर थांबलेलं.

गेल्या बुधवारी चेंबूरला एक निरोगी माणूस भेटला.
प्रत्येक रुग्णामागे असे दोन शोधायचे,
त्याच वयाचे, डोक्यात काही नसलेले.
पास्कल मिरांडा, गिअरबॉक्सचा कारागीर. खूप हसला.
"कान? देवानं दोन दिलेत, कोण हिशेब ठेवतो?"
रिकामी मूठ आधी उजवीकडे नेली, मग डावीकडे.
"घाल तुझे नव्व्याण्णव. चहा घेणार?"

ज्याला गाठ, तो वर्षं उकरतो,
एकेक मिनिट उजेडात धरून बघतो.
ज्याला नाही, त्याची वर्षं तशीच पडून.
सर याला स्मरणदोष म्हणतात.
शब्द बरोबर असेल.
पण कुंदाबाईंसमोर तो माझ्या तोंडून निघणार नाही.

अजून चार वर्षं, हजारभर डोकी,
आणि शेवटी एक आकडा येईल,
कदाचित एकाच्या आसपास घुटमळणारा,
एक टोक अलीकडे, एक पलीकडे.
तो वेसाव्याला कोण नेऊन देणार?

मी चौकटीत 'एक' लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात :
पत्नीच्या मते आधी उजवा.
कुंदाबाईंनी कागदाकडे पाहिलं.
"मंग कशानं झालं?"
या प्रश्नाला फॉर्मात क्रमांक नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. त्यांचा.
तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो,
पाली निघावी भिंतीतून तसे.
मग हरेश्वरांनी बोट लांब करून स्पीकर लावला,
आणि एमआरआयसाठी उपाशी बसलेल्या सगळ्या रांगेनं ऐकलं :
"शेठ, चाळीस लाद्या. शनिवारी. आहे का बर्फ?"

"आहे," ते म्हणाले,
दोन्ही कान लांब ठेवून.