हरकती व सूचना

मसुद्यावर हरकती नोंदवायची आज शेवटची तारीख.
पंचवटी कारंजापाशी माझं झेरॉक्सचं दुकान.
कायदा वाचायला इथं कोणी येत नाही.
दाखले काढायला येतात, फोन माझ्या हातात देतात,
"तूच बघ रे, चष्मा घरी राहिला."
आणि मी दाबत जातो
मान्य आहे, मान्य आहे, पुढे चला.
दिवसातून शंभरेक वेळा
मी दुसऱ्या कुणाचा तरी होकार असतो.

गोपनीयतेवर मत द्यायचं, तर आधी मागितलं
नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख.
हसू आलं. भरलं.
सत्तेचाळीस पानं. एका कलमात म्हटलंय,
संमती जितक्या सहज दिली
तितक्याच सहज परत घेता यावी.
"परत" या शब्दाखाली
मी पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली.

रामकुंडावर दिगंबरकाकांची बैठक.
अडतीस चोपडे, लाल बासनांत,
गाववार, आडनाववार.
कोणी अस्थी घेऊन येतं, गाव सांगतं,
काकांचं बोट उतरत जातं
आणि निघते खापरपणजोबांची मोडीतली सही,
शाई तांबूस झालेली.
माणसं रडतात. काही जण मोबाइल काढतात.
काका हात आडवा धरतात :
"आपलं पान बघा. शेजारचं झाका."
या वाक्याला कलम-क्रमांक नाही.

परवा दुपारी ती आली, सिन्नरकडची,
पन्नाशीची, चपला हातात.
"भावाचं करायला आले होते. एक विचारायचं होतं."
काकांनी त्र्याण्णव सालचं पान काढलं.
सासरा, दीर, नवरा,
आणि सगळ्यांच्या शेवटी, सौ. वैजयंती.

"ही मी नाही," ती म्हणाली.
"तांदळात अंगठीनं लिहिलं होतं त्यांनी हे नाव.
मला विचारलं नव्हतं.
नऊ वर्षांनी ते घर सोडलं, नाव तिथंच टाकून आले.
मी कुमुदच आहे. हे काढून टाका."

काका बराच वेळ गप्प.
"बाई, चोपड्यात खाडाखोड नसते.
पुरात डोक्यावर घेऊन पळालोय आम्ही हे.
उद्या तुमचा कुणी नातू शोधत आला तर?"
"मला मूल नाही.
आणि आलंच कोणी,
तर हाक कुणाला मारणार ते? हिला?"

कुंडात कोणीतरी नाक धरून बुडी मारली.
मला ते कलम पाठ होतं. बोललो नाही.
अजून विधेयकच आहे ते,
दात यायचेत त्याला.

काकांनी चोपडा तिच्याकडे फिरवला.
पेनाचं टोपण काढलं, पेन पानावर आडवं ठेवलं,
"चहा घेऊन येतो," म्हणाले.
पाचाच्या आधी काका चहा घेत नाहीत,
घाटावरच्या फुलवालीलाही हे ठाऊक आहे.

मी पाठ केली. गोदेकडे बघत बसलो.
मागे निब कागदावर फिरलं.
लिहिताना की खोडताना, कळत नाही,
दोन्ही सारखंच खरखरतं.

काका आले तेव्हा चोपडा मिटलेला.
त्यांनी तो उघडला नाही. बासन बांधलं,
गाठ नेहमीपेक्षा जरा घट्ट.
दक्षिणेला नको म्हणाले.

आता रात्रीचे अकरा चाळीस.
चौकटीत पाचशे शब्दांची मुभा आहे. मी लिहितो :
ज्याचं नाव, त्याच्याकडे पान फिरवावं.
पेन उघडून द्यावं.
आणि आपण तिथून उठावं.
एवढंच. खाली गाव, नाशिक.

तुम्ही विचाराल, मग त्या पानावर आता काय आहे?
चोपडा फडताळात आहे.
किल्ली माझ्याकडेच असते.
मला माहीत नाही.