कांडीचं उष्टं

दह्याच्या पातेल्यावरची ताटली सरकलेली,
आणि सायीत एक खड्डा,
बोटभर, आतून गुळगुळीत.
ओट्याखाली कांडी मिशा पुसत बसलेली,
जणू मगाशी येऊन गेली ती दुसरीच कुणी.

विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
दही मात्र रोज लागतं,
कारण या उन्हाळ्यात भूदेवीच्या घशाखाली
दुसरं काही उतरत नाही.

मी चमच्यानं तेवढा खड्डा काढला.
भोवतीचं थोडं.
मग आणखी थोडं.
मांजराची जीभ कुठवर पोचली
हे काही ताग्यासारखं मोजता येत नाही.

मुमताजआपा जिन्यात म्हणाल्या,
घरातली मांजर पाक असते भाईजान, फेकू नका.
खालच्या मजल्यावरचे स्वामी म्हणाले,
उंदीर खाल्लेलं तोंड ते.
तुळशीलासुद्धा घालू नका.
दोघांनाही मी बरं म्हणालो
आणि पातेलं हातात घेऊन उभाच राहिलो.

तीस वर्षं धोट्याच्या भोकाला ओठ लावून
सूत ओढलंय मी.
दिवसपाळीला मी, रातपाळीला तुळजाराम,
धोटा तोच.
त्याची तंबाखू माझ्या जिभेवर,
माझं पान त्याच्या.
चालेल का, असं कुणी कुणाला विचारलं नाही.
त्या टॉवेलांनी कुठकुठल्या हॉटेलांत
माणसं तोंडं पुसत असतील.
मला मेल्याला कांडीच्या जिभेचं काय?

श्रावंती सिव्हिलमधली रातपाळी संपवून आली.
चप्पल काढता काढता तिनं पातेलं पाहिलं,
मला पाहिलं.
"तुम्ही खा नान्ना, तुम्हाला बहुतेक काही होणार नाही.
अम्माला नको.
तिच्या पांढऱ्या पेशी किती उरल्यात..."
आकडा काही सांगितला नाही.
दही मोरीत ओतलं,
पातेलं घासलं, उकळतं पाणी घातलं,
पुन्हा घासलं.
इतका वेळ एक पातेलं कुणी घासतं का?

छत्तीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही.
कडक भाकरी तिनं मोडायची, मी कुस्करायची,
शेंगाचटणीवर तेल कुणी ओतायचं यावरून भांडायचं.
आणि आज एकाच पातेल्यातलं
मला चालतं, तिला चालत नाही.

बाजेवरून भूदेवी सगळं ऐकत होती.
डोक्याला माझाच जुना टॉवेल,
कोपऱ्यात वीण चुकलेला, म्हणून घरी आणलेला.
दुपारी पंखा बंद पडला तेव्हा म्हणाली,
"श्रावंती,
परवाचा उपमा मी अर्धा टाकला होता.
सोमवारची भाकरीही.
कांडीनं खाल्ली सगळी.
मला ते लाल औषध चढवलंय,
माझं उष्टं तिला बाधेल का गं?"

पोरीला सगळं ठाऊक असतं.
अम्माचे कपडे वेगळे का धुवायचे,
भाजी किती शिजवायची,
ताप किती चढला की रिक्षा बोलवायची.
ती घडी घातलेली चादर
पुन्हा उलगडून घडी घालत बसली.
"विचारते उद्या," म्हणाली.
कुणाला विचारणार, ते बोलली नाही.

आता दह्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा.
कांडीला वेगळी जर्मनची वाटी, उंबऱ्याबाहेर.
ती वाटीकडे बघते, मग माझ्याकडे,
मालकानं पगार कापल्यावर
आम्ही बघायचो तशी.

रात्री उकाड्यानं जाग आली.
भूदेवीचा हात बाजेखाली लोंबत होता,
आणि दार मीच नीट लावलं नव्हतं बहुतेक.
कांडी तिच्या बोटांजवळ नाक नेऊन थांबलेली.
हुंगत होती.
चाटत नव्हती अजून.
श्रावंतीला हाक मारावी
की कांडीला हाकलावं,
ठरेना.
भूदेवीचं एक बोट हललं,
झोपेत की जागेपणी, कोण जाणे.