कंस

निवतीला, रापण संघाच्या शेडमध्ये
खुर्चीवर लॅपटॉप, टेकायला मिठाचं पोतं,
आणि मी एक ओळ लिहिते:

विक्री − खर्च / वाटे

एकवीस हजार सहाशे, छत्तीसशे, छत्तीस.
यंत्र म्हणतं, एकवीस हजार पाचशे.
गुणाजी आबा चष्मा कपाळावर चढवतात.
"येकेकाक? मगे उद्या दर्यात कित्याक जावचा?"

वजाबाकी कधीची दारात उभी असली
तरी हे भागाकारालाच आधी आत घेतं, मी सांगते.
कंस घालायला हवा.
"कंस? कृष्णान मारलेलो तो?"
शेडभर हसू, बांगड्याच्या वासासकट.

मी बाहेर बोट दाखवते:
होडी इथून सुटते, जाळं सोडत सोडत
पाण्यावर अर्धा गोल काढून तिकडे लागते.
एक दोर इकडच्यांच्या हातात, एक तिकडच्यांच्या.
आबा बघत राहतात.
"म्हंजे आधी सगळा भायर काढूचा, मगे वाटूचा."
कॉलेजात हे मला इतक्या थोडक्यात
कुणी सांगितलं नव्हतं.

(विक्री − खर्च) / वाटे

पाचशे. बरोब्बर.
मी झाकण मिटायला जाते.

"आणि तेचो?"
बर्फाच्या गाडीवरल्या ड्रायव्हरचा पोरगा.
सकाळभर दोराच्या शेपटाला लोंबकळत होता,
ओढत होता की ओढला जात होता, देव जाणे.
"दोरयेक हात लागलो, वाटो लागलो."

मी शेवटी + १ जोडते.
पाचशे एक.
"शुभ आकडो!" कुणीतरी मांडीवर थाप मारतं,
मलाही क्षणभर बरं वाटतं.
पण तो एक रुपया
छत्तीस खिशांत जाऊन बसलाय,
आणि पोरगा अजून दाराबाहेर, ओल्या चड्डीत.

(विक्री − खर्च) / (वाटे + १)

चारशे शहाऐंशी,
आणि टिंबामागे वाघळीसारखं लांब शेपूट.
मागून एक च्यक् ऐकू येतं.
आबा बोटांवर मोजतात, माणशी साडेतेरा कमी.
"चायचे पैशे," म्हणतात,
आणि शेपूट तोडायला सांगतात.

यादीत नाव लागतं.
रकाना रिकामा राहिला की हे लाल होतं, हटून बसतं.
मी दाराशी जाऊन विचारते.
तळहातावरचे वळ चाटता चाटता तो म्हणतो,
हुलगेश.

ल की ळ?
त्याला ठाऊक नाही.
मी त्याला तीनदा म्हणायला लावते
आणि ऐकू येईल तसं लिहिते.