उजवा अंगठा

तिकीट क्रमांक चार हजार एकशे बारा.
विषय: सोलणी विभाग, अंगठा लागत नाही.
प्राधान्य: कमी.

मिरजोळ्याला, कोलंबीच्या कारखान्यात
पहाटे साडेपाचला बायका मशीनसमोर रांग धरतात.
मशीन हिरवं व्हायला हवं, लाल होतं.
पुसून पुन्हा. लाल.
"कृपया पुन्हा प्रयत्न करा" म्हणणारी बाई
मशीनच्या पोटात बसलेली, तिला कसली घाई.

मी वर, अकाउंट्सच्या मागच्या खोलीत.
सर्व्हरचा पंखा, आणि फडताळात कुणीतरी विसरलेली
सुक्या जवळ्याची पुडी.
महिनाअखेर. पगाराची फाईल रात्री चालवायची.
हाजरा सोलकर: सव्वीस दिवसांत अकरा गैरहजर.
मुकादमीण मयेकरबाईंच्या वहीत, पेन्सिलीने,
रोज किती किलो सोललं ते:
सव्वीसच्या सव्वीस दिवस.
सिस्टीम वही वाचत नाही.

पुण्याहून फोन आला,
"युजर एरर टाक आणि बंद कर ना."
मी खाली गेले.

"बघ गो," म्हणाली, आणि हात पुढे केला.
नऊ वर्षं बर्फाच्या पाण्यात.
लाट येऊन गेल्यावर पुळणीवर
पावलांचं जेवढं उरतं, तेवढंच
तिच्या बोटांवर उरलं होतं.

एकेक बोट लावून पाहिलं.
अंगठे नाहीत. तर्जनी नाही.
मधलं कोलंबीच्या काट्याने उसवलेलं.
शेवटी डावी करंगळी.
हिरवं.
"हिला काय काम नाय," ती हसली,
"म्हणून ऱ्हायली."

पण फॉर्ममध्ये करंगळीला जागाच नव्हती.
पर्याय दोन: उजवा अंगठा, डावा अंगठा.
हा फॉर्म बनवणाऱ्याला
करंगळी लागेल असं वाटलंच नसणार.
मी तिची करंगळी
उजवा अंगठा म्हणून जतन केली.

मग ते अकरा दिवस.
कारणांच्या यादीत आजारपण होतं, लग्न होतं, संप होता.
मी "मशीन नादुरुस्त" निवडलं.
मशीन ठणठणीत होतं.
मंजुरीसाठी ताठरेसाहेबांना रात्री सव्वादोनला उठवलं,
ते झोपेत हो म्हणाले,
मी तो हो लगेच नोंदवून टाकला.

तिकीट बंद.
उपाय: अंगठा सापडला.

सकाळी निघताना पाहिलं,
रांगेत अजून सतरा जणी होत्या.
एकीच्या दोन्ही करंगळ्यांना
चिकटपट्ट्या.