पायरी

मंडळीनं मला एकच काम दिलंय,
प्रभुभोजनाचा रस करायचं.
आदल्या रात्री सावळजचे बेदाणे भिजत घालते,
पहाटे वाटून मलमलीतून गाळते,
वाटीभर साखर, दोन लवंगा.
लवंगांचं पाळकांना सांगितलेलं नाही.

बेदाणा म्हणजे मेलेलं द्राक्ष.
पाणी मिळालं की उठून बसतं.
खरं सांगायचं तर माझा विश्वास एवढ्यावर उभा आहे,
बाकीचं मी मंडळीबरोबर मोठ्यानं म्हणते.

या चैत्रात मिरजेच्या आमच्या देवळाची पायरी
दुरुस्तीला काढली.
इलाही गवंड्यानं पहार घालून दगड उलटवला
तर खालच्या अंगाला शेंदूर.
दोन डोळे, कोरलेले नव्हेत, नुसते खोलगट,
इतकी वर्षं आमच्या चपला पाठीवर घेऊन
मातीत बघत राहिलेले.
बाई, म्हसोबा हो हा, इलाही म्हणाला
आणि पहार बाजूला ठेवली.

पंचकमेटी बसली.
एक म्हणाला फोडा, एक म्हणाला कृष्णेत सोडा.
नथानेल लोखंडे, जे कधी बोलत नाहीत, बोलले:
माझा पणजा याच्यापुढं कोंबडं कापायचा.
मग कुणीतरी चहा सांगितला.

मी विचार करत राहिले त्या माणसाचा
ज्यानं हा पालथा घातला.
हुकूम साहेबाचा असेल, हात आमच्यातलाच.
हातोडा होता त्याच्याकडं. फोडला का नाही?
आणि आठवली सलोमीआत्या,
देवळात शिरताना वाकायची, पायरीला बोटं लावायची,
तीच बोटं मग छातीशी.
आम्हाला वाटायचं गुडघा दुखतो.

मला वाटतं, तिकडंही असंच झालं असणार.
रोमात, अंत्युखियात, कुठल्या कुठल्या खेड्यात
वरून निरोप आला, आता नवा देव.
लोकांनी मान हलवली
आणि दिवे त्याच रात्री लावले
ज्या थंडीत ते नेहमी लावत आले होते.
पुरलेला, तिसऱ्या दिवशी वर आलेला,
हे ऐकताना पेरणाऱ्यांनी
एकमेकांकडं पाहिलं असेल:
हा तर आपल्या रानातला.

पाळक आवळे म्हणतात, तो अंधाराचा काळ होता.
असेल.
पण पुनरुत्थानाचा रविवार अजून
पुनवेला विचारूनच ठरतो ना?
ते भिंतीवरचं कॅलेंडर बघतात,
मी गच्चीवर जाते.
त्याच आठवड्यात सावळजला खरड छाटणी,
वेली बुंध्यापर्यंत कापलेल्या,
आणि कापल्या जागी थेंब थेंब पाणी.
वेल रडतीय म्हणतात तिथं.
कुणी त्यांना शुभवर्तमान वाचून दाखवलेलं नाही.

ख्रिस्त खोटा, असं नाही म्हणत मी.
उलट, ज्याला ओळखायला
इतक्या परक्या गावांना वेळ लागला नाही
तो तिथं आधीच कुठंतरी
ओट्यावर बसलेला असणार.
हे मी कुणाला बोलले नाही,
कमेटीला तर नाहीच.

कमेटीचा ठराव असा: नवा दगड महाग,
तोच परत बसवावा.
फोडायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत
सगळे कबरस्तानात, सूर्योदयाच्या उपासनेला,
पूर्वेकडं तोंड करून.
इथं मी आणि इलाही.
कुठली बाजू वर, बाई?
होता तशीच, मी म्हणाले. जरा थांब.
मलमलीतला चोथा, अजून ओला, गोड,
मूठभर खड्ड्यात ठेवला,
त्याचं तोंड येईल तिथं.
इलाहीनं विचारलं नाही काही.
दगड अलगद सोडला, कडेनं सिमेंट फिरवलं,
दोन तास पाय देऊ नका म्हणाला.
सगळे उडी मारून आत गेले त्या दिवशी,
लोखंडे तेवढे थबकले, बाजूनं गेले.

उपासना संपल्यावर पेले धुताना
पाळक मागं येऊन उभे राहिले.
मला वाटलं, कळलं.
लवंग असते ना यात, त्यांनी विचारलं,
आवाज खाली घेऊन.
आमची आईपण घालायची.