शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात,
शाळेच्या फाटकाच्या खिळ्याशी दाबून धरलेलं.
दुसरं टोक घेऊन बाविस्कर मॅडम
लासूर रस्त्यानं निघाल्या, डोक्यावर ओला रुमाल.
मार्च संपत आलेला. चोपड्याचं डांबर
चपलेला सोडत नव्हतं.

शंभर यार्ड म्हणजे किती, हे आधी
गणिताच्या सरांना विचारावं लागलं.
एक्क्याण्णव मीटर, वर चव्वेचाळीस सेंटीमीटर.
टेप तीसची.
तीनदा मी शून्य उचलून पुढे नेलं
आणि जिथे रेघ यायची
तिथे दोधूची टपरी,
पुढची दोन चाकं कायद्याच्या आत.

"चार फूट शे ना? सरकी जासू,"
दोधू म्हणाला. ओठ न हलवता म्हणाला.
तो आता तसंच बोलतो.

आठवीतल्या चार पोरांनी टपरी ढकलली.
मॅडमनी वहीत तारीख, वेळ लिहिली.
मी पिवळा रंग मारला.
मधल्या सुट्टीत पोरं
चार फूट जास्त चालली.

दोधू माझ्यासोबत पहिलीपासून.
पंगतीत तो अख्खी बट्टी तोंडात धरायचा,
गाल फुगवून, हात वर करून,
आणि वाढपी म्हणायचा, हा माणूस की कणगी!
परवा काकाच्या उत्तरकार्याला पाहिलं,
बट्टी कुस्करून कुस्करून त्यानं तिची पेज केली
आणि वाटीच तोंडाला लावली.
खान्देशात जन्मून
शेवभाजीला घाबरणारा माणूस.

पुड्या त्याच्याकडे दिसत नाहीत. बंदी आहे.
टांगलेली असते साधी सुपारी, गोळ्या, शाम्पू.
केळीचे ट्रक सातपुड्यापलीकडे भरून जातात.
येताना रिकामे येतात, असं आपण म्हणायचं.

जुलैत सरकारी दवाखान्यातून
दातांची डॉक्टरीण आली, नवीनच, आवाज बारीक.
"उभी तीन बोटं घाला तोंडात. आपापली."
साठ पोरं शपथ घेतल्यासारखी
बोटं वर करून उभी राहिली, हसली.
मग सात जण हसायचे थांबले.
तिनं नावं लिहिली, पेन्सिलनं.
मी पाण्याचा जग घेऊन दारात होतो.

घरी बायको तव्यावर मशेरी भाजत होती.
तो धूर मला लहानपणापासून
सकाळचा वास वाटत आलाय.
आरशापुढे उभं राहून बोटं घातली.
दोन गेली.
तिसरं बाहेरच थांबलं,
उशिरा आलेल्या पोरासारखं.
"काय करी राहिनात?" तिनं विचारलं,
काळे दात, कपाळावर राख.
"मोजी राहिनू."

दिवाळीपर्यंत ट्रकांनी रेघ पुसून टाकली.
दोधू तेव्हा नाशिकहून परतला होता,
जबड्यातलं काहीतरी काढून.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा मारा.
डब्यात तळाशी रंग होता, साय धरलेला.
मी एकटाच निघालो. टेप कशाला, जागा पाठ.

टपरीत दोधूचा निंबा, नववीतला,
शाळेच्या गणवेशात,
आणि त्याच्या डोक्यावर पाटी:
अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ
विकणे हा दंडनीय गुन्हा आहे.
पाटी मीच रंगवलेली.
'दंडनीय'चा द जरा मोठा झालाय.

"बाप कसा शे?"
"बोलत नही. मनी जुनी पाटीवर लिखस."

मग वर न बघताच
त्याचा हात फळीखाली गेला.
"काका, तुम्हनी रोजनी?"

मी ब्रश खाली ठेवला.
नाही म्हणायला तोंड उघडलं,
जेवढं उघडतं
तेवढं.