दिवा धरणारा

पाना माझ्या हातात, टॉर्च इद्वालच्या,
एकतीस वर्षं अशीच वाटणी.
मी सिंकखाली उताणी, तो गुडघ्यांवर,
आणि भांडण नेहमीचं, दोन वाक्यांचं:
इकडे धर.
इकडेच तर धरलीय.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात
त्याचं ऐकत नाही.
उजेड थरथरतो, मग पाइपही थरथरतो,
माझी सावलीसुद्धा थंडी वाजल्यासारखी.
मी म्हणते, असू दे, दिसतंय मला.
दिसत नसतं.
नोव्हेंबरापासून बादली खाली ठेवलेली,
रात्रभर एकेक थेंब मोजते.

शनिवारी तोच म्हणाला, चल,
माझ्या जागी कोणीतरी नेमू.

ब्लायनायच्या चढावरचं हार्डवेअरचं दुकान.
मेरेदिथने काउंटरवर पाच दिवे मांडले
आणि इद्वाल स्टुलावर बसला
मुलाखती घ्यायला.

पहिल्याच्या खोक्यावर तीन हजार लुमेन,
लाल अक्षरांत, उद्गारचिन्हासकट.
दहा मिनिटांत धापा टाकत निम्म्यावर आला.
नाव मोठं, इद्वाल म्हणाला, पुढचा.

दुसरा खरंच प्रखर. इतका, की
पितळ, प्लास्टिक, माझं बोट,
सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं दिसायला लागलं.

तिसऱ्याची बॅटरी त्याच्याच घराण्यातल्या
ड्रिलसोबत मिळते, एकटी नाही.
ड्रिलची किंमत ऐकून मी
खिडकीबाहेर बघितलं.

चौथ्याला चार्जिंगचं त्याचं स्वतःचं वेगळं टोक.
लाडावलेला आहे, इद्वाल म्हणाला,
दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही.

पाचवा बुटका. एकोणीस पौंड.
फोनच्याच केबलवर जेवतो,
मान वळते, पाठीला आकडा, बुडाला चुंबक,
मधल्या पायरीवर पाच तास टिकतो म्हणे.
इद्वालने त्याच्यावर तळवा ठेवला,
ताप बघावा तसा,
आणि बराच वेळ ठेवला.

पैसे मोजताना म्हणाला,
आजोबा खाणीत मेणबत्त्या स्वतःच्या मजुरीतून घ्यायचे.
डोंगर मालकाचा,
अंधार तेवढा कामगाराचा.
जेवायच्या सुट्टीत विझवून टाकायचे,
आणि काळोखात कोण काय चावतंय
त्यावरून शेजारी ओळखायचे.
मेरेदिथने एक पौंड कमी घेतला.
गोष्ट त्याने आधी ऐकलेली होती, बहुतेक दोनदा.

घरी आल्यावर कळलं,
भिंती स्लेटच्या, पाइप प्लास्टिकचे, कपाट लाकडाचं.
चुंबक बिचारा गावात नवा,
ओळखीचं कोणीच नाही.
आकडा अडकवावा, तर खिळा नेमका
जिथे माझं डोकं येतं तिथे.

इद्वालने फळीवरून केकचा जुना डबा काढला,
झाकण तेवढं घेतलं,
आणि कपाटाच्या आतून स्क्रूने बसवायला लागला.
दोन स्क्रू. पंचवीस मिनिटं.
तेवढ्या वेळात मी तीन कप विसळले,
तेच तीन, पुन्हा.

टक्.
बसला.

मी आत सरकले.
कधी नव्हे तो उजेड एका जागी.
कोपऱ्यातलं जाळं, हरवलेला चमचा,
रंगाचा १९९८ मधला एक ओघळ,
आणि सांध्यात, अगदी स्पष्ट,
उलटा बसवलेला वॉशर.
निमुळती बाजू वर हवी,
ती खाली.

हात त्याचा हलत होता, खरं आहे.
वॉशर मी बसवला होता.

बाहेरून त्याचा आवाज: काय गं, एलुनेद,
नवा माणूस बरा आहे ना?
बरा आहे, मी म्हटलं.
जरा जास्तच बघतो.

सांगायला हवं त्याला.
आधी बादली रिकामी करते.